कपाटावर वाजणारा फोन

मी एक जुना टेलिफोन आहे. तोही असातसा नाही, शाळेच्या ऑफिसातला. रंगाने काळा, वजनाने जड, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गात डुलक्या काढणारं पोरही ताठ बसायचं. मोबाइलसारखी गाणीबिणी मला येत नाहीत. मी ठणाणा वाजतो. कुणाच्या कानठळ्या बसल्या तर बसू देत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका लांबलचक टेबलापाशी बायका ओळीने बसत. कुणी माझी घंटी बसवली, कुणी आकड्यांची तबकडी, कुणी वायर जोडली. शेवटच्या बाईंनी मला कानाला लावून विचारलं, "ऐकू येतंय का?" पलीकडून कुणीतरी "येतंय" म्हणालं. मग त्यांनी मला खोक्यात घातलं आणि मी थेट शाळेत आलो.

मित्रांनो, तेव्हाच्या मुख्याध्यापकांचा एक नियम होता. मूल गैरहजर असलं की दुसरा तास सुरू व्हायच्या आत त्याच्या घरी फोन गेलाच पाहिजे, आणि तो वर्गशिक्षकानेच करायचा. शिक्षक कुरकुरत. हे काम कारकुनाला द्या म्हणत. मुख्याध्यापक ऐकत नसत. "कारकून 'का आला नाही' एवढंच विचारणार. पोराचं काल काय झालं ते तुम्हाला माहीत आहे," असं ते म्हणत.

त्यामुळे रोज सकाळी माझ्यापुढे रांग लागे. विज्ञानाचे सर तर हक्काने ओरडत, "वहिनी, स्वारी उठली का? काल निम्मी आकृती काढून पळालाय. उरलेली मी काढू का?" पलीकडे आधी हसू यायचं आणि मग हळूहळू खरं कारण बाहेर पडायचं. कुणाचा बूट फाटलेला असे, कुणाच्या घरात भांडण झालेलं असे, कुणी चाचणीत नापास झाल्याच्या लाजेने उशीत तोंड खुपसून पडलेलं असे. बहुतेक मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात दिसत. मुख्याध्यापक माझ्यावर थाप मारून म्हणत, "माझ्या छडीने जमलं नाही ते या काळ्याने केलं." मी फुगून टम्म व्हायचो.

पुढे ते निवृत्त झाले आणि कॉम्प्युटर आला. शिक्षकाने एक बटण दाबलं की आईबापांच्या मोबाइलवर निरोप जाई, 'आपला पाल्य आज अनुपस्थित आहे. कृपया नोंद घ्यावी.' निरोप पोहोचला की पडद्यावर हिरवी खूण उमटे. ती दिसली की शिक्षक मोकळे. मला उचलून लोखंडी कपाटावर ठेवलं. माझ्यावर जुने नकाशे आले, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. माझी वायर मात्र तशीच राहिली, कारण फाटकावरच्या पाटीवर माझाच नंबर रंगवलेला होता आणि ती पाटी पुन्हा रंगवायला कुणाला सवड नव्हती.

आता लंबूची गोष्ट सांगतो. ती मला नंतर फोनवरच कळली, पण आधी सांगितलेली बरी, नाहीतर तुमचा गोंधळ व्हायचा.

लंबू शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून लंबू. तिची आई लाँड्रीत इस्त्री करायची. एक दिवस तापलेल्या इस्त्रीवर आईचा हात पडला. मालक म्हणाला, बदली माणूस द्या, नाहीतर मी दुसरी बाई ठेवतो. लंबू म्हणाली, "चार दिवस मी जाते." पण हात चिघळला, आणि चार दिवसांचे कितीतरी आठवडे झाले.

आणि बघा काय घोटाळा झाला. आईला मोबाइल धरवेना, गिऱ्हाइकांचे फोन तर त्याच्यावरच यायचे. म्हणून मोबाइल लंबूजवळ राहिला. शाळेचा निरोप रोज येई, आणि जी गैरहजर तिलाच तो वाचायला मिळे. आईला निरोपांचा पत्ताच नाही. सुरुवातीला लंबूला वाटे, आज ना उद्या बाई स्वतः विचारतील. मग तिला वाटू लागलं, आपण नसलो तरी तिथे कुणाचं काही अडत नाही.

इकडे तिच्या वर्गशिक्षिका, भूगोलाच्या बाई, रोज हिरवी खूण बघत होत्या. त्या माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्यांना वाटे, घरी कळतंय तरी घरचे गप्प आहेत, म्हणजे त्यांनाच मुलीला शिकवायचं नसेल. परक्याच्या घरात आपण किती नाक खुपसायचं? दोन्हीकडची माणसं एकमेकांची वाट बघत बसली होती. मला तर हे आठवलं की आजही संताप येतो.

अशात परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली. शुक्रवारी दुपारी बारा वाजता मुदत संपणार होती, आणि सही मुलीने स्वतः येऊन करायची होती. अर्ज नाही तर परीक्षा नाही, वर्ष पाण्यात. आणि एकदा इस्त्रीपाशी रुळलेली मुलगी वर्षभराने पुन्हा बाकावर येऊन बसते का, हे मी तुम्हाला सांगायला नको. लंबूला मैत्रिणीकडून मुदतीचं कळलं. तिला फक्त विचारायचं होतं, इतक्या दिवसांनी मला अर्ज भरू देतील का? शाळेत यायची तिला लाज वाटत होती. बाईंचा नंबर तिच्याकडे नव्हता. फाटकावरचा तेवढा पाठ होता.

सोमवारी तिने मला फोन केला. मी जिवाच्या आकांताने वाजलो. कारकून मान वर न करता म्हणाले, "असेल कुणी जाहिरातवाला." बुधवारी ऑफिसात मीटिंग होती. मी वाजताच एका उंच सरांनी वैतागून कपाटावर हात घातला, नकाशांखालून रिसीव्हर उचलला आणि न ऐकताच आपटला. तेवढ्यात तिचा आवाज माझ्यापर्यंत आला होता. "हॅलो, मी..." एवढाच. माझा जीव तीळ तीळ तुटला.

शुक्रवारी भूगोलाच्या बाई अर्जांचा गठ्ठा द्यायला ऑफिसात आल्या. बारा वाजायला आले होते. कारकून ड्रॉवर बंद करत होते, आणि मी वाजलो.

"राहू द्या बाई, ते तसंच वाजतं," कारकून म्हणाले.

"कधीपासून?"

"आठवडाभर चाललंय."

बाईंनी स्टूल ओढलं, वर चढून नकाशे बाजूला केले, धुळीने दोनदा शिंकल्या आणि मला उचलून म्हणाल्या, "हॅलो, कोण?"

"बाई, मी लंबू. मला अर्ज भरता येईल का, एवढंच विचारायचं होतं."

"अगं, आज शेवटचा दिवस आहे. आधी का नाही फोन केलास?"

"केला होता बाई. कुणी ऐकूनच घेतलं नाही."

बाईंनी स्टुलावरूनच एकवार कारकुनांकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "आई आहे का जवळ? दे तिला." आई त्या दिवशी लाँड्रीतच येऊन बसली होती, ती फोनवर आली. बाई म्हणाल्या, "अहो, आम्ही रोज निरोप पाठवत होतो. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"मोबाइल तर तिच्याच हातात असतो हो. मला वाटलं, शाळेने हिचं नाव कमी केलं. कुणी विचारलं नाही, मग मी पण म्हटलं, जाऊ दे."

"नाव आहे. तिला आत्ता पाठवा, आहे त्या कपड्यांत."

"पाठवते. घड्या मी एका हाताने घालीन, मालकाला मी बघते."

बाई खाली उतरल्या आणि कारकुनांना म्हणाल्या, "ती येईपर्यंत ड्रॉवर उघडाच राहू द्या." कारकून घड्याळाकडे बघत बसले, पण त्यांनी ड्रॉवर बंद केला नाही. लंबू घामाघूम होऊन आली. तिने आधी हात पुसले आणि सही केली.

ती गेल्यावर बाई घरी गेल्या नाहीत. त्यांनी मला टेबलावर घेतलं, फडक्याने पुसलं आणि कॉम्प्युटरवर आपला वर्ग उघडला. मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी लंबूच्याही आधीपासून येत नव्हती. तिच्या नावापुढे हिरवी खूण उमटायची कधीच थांबली होती. निरोप पोहोचतच नव्हते, आणि ते कुणी पाहिलं नव्हतं. बाईंनी माझ्यावरून तिच्या घरी फोन लावला. 'हा क्रमांक अस्तित्वात नाही,' असं उत्तर आलं. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग बाई ओंजळीत तोंड लपवून रडल्या.

मित्रांनो, तुमच्या शेजारची जागा दोन दिवस रिकामी दिसली, तर तिसऱ्या दिवशी तिथे बसणाऱ्या पोराच्या घरी जा. मोठ्यांनी विचारलं असेल, असं समजू नका. दारात उभं राहून हाक मारा, आणि ते बाहेर येईपर्यंत परतू नका. त्या अबोल मुलीनेही कधी फाटकावरचा नंबर फिरवला असेल का, मला माहीत नाही. कपाटावर असताना मी पुष्कळदा वाजलो होतो.