तिसरी रांग

सरकार, मूठभर मीठ चोरलं म्हणून तुम्ही धर्माला नेलंत. मग अख्खा माणूस कुणी चोरला? चार वर्षं झाली, त्याच्या आईला तुम्ही एक शब्द सांगितला नाहीत.

तीस साली मिठागरातून पोरं धरली, मचव्यात घातली. पुढच्या वर्षी सगळी सुटून आली, धर्मा तेवढा आला नाही. त्याची आई कृष्णाबाई तीनदा तुरुंगाच्या दारात गेली. "या नावाचा इसम यादीत नाही," एवढं ऐकून परतली.

त्याच वर्षी वैशाखात तिच्या लेकीचं, कमळचं लग्न निघालं. कृष्णाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भट मागाहून, आधी धवलारीण. तिनं धवला गाऊन देव बोलवायचे, मग घरातले मेलेले नावानिशी, मग जिते. नाव राहिलं तर मेलेला रुसतो. जित्याचं नाव मेलेल्यांत गेलं तर तो उरत नाही.

पहाट फुटत होती. मिठाच्या राशी त्या उजेडात तरंगताहेत असं वाटत होतं. हळदीच्या वासात बायका झुलत होत्या. कृष्णाबाईचा सूर भरतीसारखा चढला. सासरा आला, नवरा आला. तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे एकेक जण बांधावरून येऊन, पाय धुऊन मांडवात टेकत होता. मग बांधाच्या टोकाला धर्मा दिसला. गुडघ्यापर्यंत मिठानं पांढरा.

सूर थांबला.

"आय, न्हाय गो!" धर्माची बायको नलू ओरडली. "मेल्यांत त्यांचा नाव घेऊ नको. माझा कुकू हाय अजून!"

"आन् मेला आसला त?" नवऱ्यामुलाची आजी वेणूबाई म्हणाली. "बोलवल्याबिगर ऱ्हायला त पोरीच्या संसारात रडत फिरंल."

कृष्णाबाईनं डोळे उघडले नाहीत. पिढ्यान् पिढ्या धवल्यात माणसांच्या दोनच रांगा होत्या. तिनं तिसरी घातली.

वाटंत अडला माझा लेक, मांडवाला ये रं ये,
साहेबा तुझ्या कुलपात आसंल, त कुलूप काढून दे...

बायकांनी ओळ उचलली. न्हावा गावाहून आलेली एक पुढे सरकली. "बाय, आमच्या सदाचा पन नाव घाल. त्यो पन घरी न्हाय."

सभांमधली भाषणं त्यांना कधी कळलीच नव्हती. ही ओळ एका ऐकण्यात पाठ झाली. लग्नालग्नातून, खाडीखाडीनं, नावं गोळा करत ती थळपर्यंत गेली. तिथल्या मांडवात गाणाऱ्या कृष्णाबाईसमोर हवालदार येऊन उभा राहिला.

"ए बाई, सरकारवरचं गाणं बंद!"

"दादा, मधीच तोडला त लगीन मोडतं. मोडू? नवरीच्या बापाला तू सांग."

हवालदारानं घाम पुसला. "मोडू नको. हळू गा."

"हलू गायला मी काय पोर निजवतंय?"

मांडव हसला. हवालदार जेवूनच गेला. पण जाताना त्यानं ओळन् ओळ कागदावर उतरवून नेली. ती साहेबाकडे पोचली. म्हणजे गाणं तुमच्या दप्तरात आहे, सरकार. कळलं नाही म्हणायची सोय नाही.

आता कृष्णाबाईचा आवाज बसत चाललाय. नलू तिच्याकडून धवला शिकते. देव बोलवते, मेलेले बोलवते. त्या ओळीशी आली की तिचे ओठ मिटतात. कृष्णाबाई रागावत नाही. दोघी तशाच बसून राहतात, खाडीचं पाणी उतरेपर्यंत.

जिता असेल तर त्या त्याला जित्यांत बोलवतील. मेला असेल तर मेलेल्यांत बोलवतील, आणि रडतील. पण सांगा. धर्मा कुठं आहे?