खांद्यावरची चार बोटं

सत्यभामाबाईंच्या खोलीत एक फोटो आहे. मधोमध त्या स्वतः, उजव्या बाजूला थोरला लेक सेवकराम, आणि डाव्या खांद्यावर चार बोटं. बोटांचा मालक फोटोत नाही. तो म्हणजे धाकटा लेक भैयाजी. कुठल्याशा लग्नातला हा फोटो फ्रेम करायला निघाला तेव्हा सेवकरामने आपल्या लेकीला हुकूम सोडला, "त्याले काटून टाक." लेक अंजू, साकोलीच्या एका फोटो स्टुडिओत कामाला. बापाचं ऐकून तिने काकाजींना कॉम्प्युटरवर काटलं. पण आजीच्या खांद्यावर टेकलेला हात काही पुरता निघेना. राहिली चार बोटं.

भांडण कशाचं म्हणाल, तर दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं. दरवर्षी कोण धुरा छाटतो आणि कोणाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, वाढते, यावरून एकदा तोंडातोंडी झाली ती झालीच. घरं शेजारी, शेतं शेजारी, बोलणं मात्र कायमचं बंद. दोघेही असे हट्टी की विचारू नका.

आजीचं मागणं एकच होतं. "अंजू, माह्या दोन पोरायचा एक फोटो काढून दे वो. पुरा. बोटंगिटं नोको मले. डोळे मिटाच्या आधी पाहू दे."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रुसलेफुगलेले पाहुणेही येतात. अंजूने तोच मोका साधला. स्टुडिओतला मोठा डीएसएलआर कॅमेरा मागून आणला, भलीमोठी लेन्स चढवली, आणि काय सांगू, अंगणातली हसतीखेळती माणसं क्षणात खांबासारखी ताठ झाली! कोणी पदर सावरतंय, कोणी शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावतंय. सेवकराम या टोकाला, भैयाजी त्या टोकाला.

"काकाजी, जरा इकडे सरका ना," अंजू म्हणाली. भैयाजीला तेवढ्यात बैलांना पाणी पाजायचं आठवलं. सेवकरामही निघाला, "मी मंडईत जाऊन राहिलो." खाटेवर मधोमध आजी तेवढी उरली, दोन्ही बाजूंची जागा मोकळी ठेवून बसलेली. अंजूला रडूच आलं.

त्या वर्षी तिला स्वतःचा कॅमेरा घ्यायचा होता. स्टुडिओचे अमरभाऊ म्हणाले, "डीएसएलआरच घे. लग्नात गळ्यात मोठा कॅमेरा नसला तं लोकं जेवालेबी विचारत नाही." आणि खोटं नव्हतं ते. पण लग्नासाठी स्टुडिओचा कॅमेरा होताच की! अंजूला रोजचा हवा होता. डब्यासोबत बसमध्ये नेता येणारा, शेतात हाताशी राहणारा. मोबाईल होता तिच्याकडे. पण तो वर केला की पोरं दोन बोटं नाचवतात, म्हातारे पाठ फिरवतात, आणि ढगाळ उजेडात हलत्या माणसाचा तो नुसता राडा करतो.

नागपूरच्या दुकानात तिने मोठे मोठे कॅमेरे हाताळले आणि शेवटी बोट ठेवलं एका तळहाताएवढ्या काळ्या कॅमेऱ्यावर. लेन्स बदलता येत नाही, झूम नाही. जवळचा फोटो हवा तर आपणच जवळ जायचं. लांबचा पक्षी विसरायचा. पण आतला सेन्सर मोठ्या कॅमेऱ्याच्या तोडीचा, बटण दाबताच तयार, आणि आवाज बंद केला तर फोटो निघाला हे काढणाऱ्यालाही ऐकू येऊ नये! पोरीची निवड पाहा. दुकानदार काय विकतो ते पाहिलं नाही, लोक काय म्हणतील ते पाहिलं नाही. आपल्या आजीच्या अंगणात काय घडलं, तेवढं लक्षात ठेवलं.

घरी सेवकरामने कपाळाला हात लावला. "हा कॅमेरा होय का चुन्याची डबी? पोरीनं पैसे पान्यात टाकले!"

अंजू हसली आणि डबी कुर्त्याच्या खिशात टाकली. ती तिथेच राहू लागली. धानाच्या रोवणीला, बाजारात, बसस्टँडवर, चुलीपुढे. शेजारच्या विमलाबाई पापड लाटता लाटता म्हणायच्या, "काढ वो, काढ. खरा कॅमेरा आनशीन तवा लुगडं बदलून येतो." तोवर त्यांचा कपाळावर पीठ लागलेला, खळखळून हसणारा फोटो निघालेला असायचा. सगळं गाव असंच. खऱ्या कॅमेऱ्याची वाट पाहत, या कॅमेऱ्यापुढे बिनधास्त जगत होतं. आजीचा फोटो मात्र राहिलाच होता, कारण दोघे भाऊ एका ठिकाणी येतच नव्हते.

पुढची दिवाळी झाली. धान कापून बांध्यांमध्ये पडला होता आणि भर दुपारी आभाळ भरून आलं. कापलेला धान भिजला की कोंब फुटतात, वर्षाची मेहनत मातीत. अख्खं गाव शेतात धावलं. सेवकरामचे भारे बायकोने आणि अंजूने हातोहात आवरले. पलीकडे भैयाजी एकटाच होता. त्याचा मुलगा धर्मेंद्र जवाहरनगरला फॅक्टरीत, ड्युटीवर.

आता, धानाचा भारा एकट्याला बांधता येतो, डोक्यावर घेता येत नाही. उचलून द्यायला समोर दुसरा माणूस लागतोच. भैयाजीने धुऱ्याला टेकवून भारा उचलून पाहिला. भारा कलंडला. पुन्हा उचलला, पुन्हा कलंडला. त्याने हाक मारली नाही. कोणाला मारणार?

सेवकराम इकडे उभा राहून ढगांकडे पाहत होता. नुसतं दाखवायला. अंजूला ते कळत होतं. ती बापाकडे पाहत राहिली. "जा ना बाबा," असं ओठांवर आलं होतं, पण बोलली असती तर तो अडून बसला असता.

सेवकरामने डोक्याचा दुपट्टा सोडून कमरेला आवळला आणि तरातरा धुऱ्यावर चढला. त्याच धुऱ्यावर. भाऱ्याखाली हात घालून म्हणाला, "हं."

भैयाजीने वर पाहिलं. मग त्यानेही धुऱ्यावर पाय रोवला आणि दुसरीकडून भारा धरला. मधे धान, आणि दोघांची तोंडं हातभर अंतरावर. अंजूचा हात खिशात गेला. झूम नव्हता, म्हणून ती सरळ पुढे चालत गेली, अगदी जवळ. दोघांनी तिला पाहिलं. हातातली चुन्याची डबीही पाहिली. कोणी सावरलं नाही, कोणी सरकलं नाही. भारा डोक्यावर चढला, भैयाजी चालू लागला. सेवकराम तिथेच थांबला, पुढच्या भाऱ्याला हात द्यायला. टपोरे थेंब पडू लागले तोवर भैयाजीचा सगळा धान रचून झाला होता. दोघे आपापल्या घरी गेले.

दोन दिवसांनी अंजूने साकोलीहून फोटो छापून आणला आणि आजीच्या मांडीवर ठेवला. सत्यभामाबाईंनी तो खिडकीपाशी नेला. एकाच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्याच्या. "दोघंबी हाये," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत बसल्या.

सेवकराम दारात येऊन उभा होता. आत आला, आईच्या हातून फोटो घेतला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"त्या डबीनं काढला?"

"हो बाबा."

त्याने हात पुढे केला. अंजूने कॅमेरा दिला. उलटसुलट करून, कुर्त्याच्या बाहीने पुसून, त्याने तो जपून तिच्या हातात ठेवला.

"एक मोठा करून आन. समोरच्या खोलीत लावतो."

अंजूचं लक्ष भिंतीवरच्या चार बोटांकडे गेलं. तिने भीतभीत विचारलं, "बाबा, कुठून काटू?"

सेवकरामने मान खाली घातली. "काटू नोको कोनाले," तो म्हणाला. "धुराबी येऊ दे."