ओळखीचा पाय

…ती खाच. ॲक्सिलरेटर किती दाबला ते दाखवणाऱ्या निळ्या रेघेच्या चढावर, माथ्याशी पोचता पोचता, नखानं उकरल्यासारखी एवढीशी — आणि मग रेघ पुन्हा सरळ वर. नेहानं हातातला चहा खाली ठेवला, स्क्रीन मोठी केली. तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण दाबण्याआधी पाय केसभर मागे घेणारा माणूस तिला एकच माहीत होता. मेलवर नाव ओंकारचं, माहितीतल्या एका पोराचं, पत्ता चाकणचा. पण पाय काही ओंकारचा नव्हता. नाव दुसऱ्याचं लावता येतं, पाय कुठून आणणार? गणराज होता तो.

संत तुकाराम नगरातल्या या आतल्या खोलीत बसून ती हेच करते. इंजिनाची ताकद वाढवलेल्या गाड्यांची हौशी मंडळी कुठून कुठून आपल्या धावेची नोंद पाठवतात — लॉग म्हणतात त्याला. इंधन किती जावं, ठिणगी कधी पडावी याचा नवा मॅप करून ती परत पाठवते. गाडी दिसत नाही, माणूस दिसत नाही. यावर गणराजनं एक व्हिडिओच केला होता, स्वतःच्या शेडमध्ये, डायनोच्या, म्हणजे गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजायच्या यंत्राच्या, रोलरवर चढवलेल्या गाडीला टेकून — "उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा हाय ह्यो. गाडीपाशी उभं ऱ्हावं लागतं राव, कान लावावा लागतो." नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती. आणि आता हीच शेळी आपल्या पायांनी चालत तिच्या दारात आली होती, तीही दुसऱ्याचं कातडं पांघरून… नेहा हसली. बऱ्याच दिवसांनी असं एकटीनं हसली.

कान. त्या शब्दानंच तर सगळं झालं. ती तेव्हा गणराजच्या शेडवरच काम करायची. खंडेनवमी होती, डायनोला झेंडूचा हार, गिऱ्हाईकं पेढे खात उभी. आणि ज्या गाडीचं सगळे कौतुक करत होते तिचा मॅप नेहाचा होता, तिनं रात्रंदिवस खपून केलेला. कोणीतरी म्हणालं, ह्या ताईंनी केलाय ना? गणराजनं पेढा तोंडात टाकला. "पोरगी हुशार हाय. पण कान न्हाई तिला. कान रक्तात लागतो." सगळे हसले, तीही हसली — हे तिला अजून गिळता येत नाही. त्याच्या बोलण्याचं एक वेळ सोडून देईन, माझ्या त्या हसण्याचं कसं सोडू? घरी येऊन बाबांना सांगितलं, तर कंपनीत उभं आयुष्य इंजिनं तपासण्यात घालवलेल्या त्या माणसानं उठून पंखा तेवढा बंद केला. दुसऱ्या दिवसापासून ती शेडवर गेली नाही.

तिनं ओंकारला फोन लावला.

"गाडी तुझीच ना रे?"

"व्हय ताई. म्हंजे… आपलीच समजा. रविवारी तळेगावच्या शर्यतीत पळवायची हाय, तेवढं लवकर द्या."

"मग गणराजभाऊंकडे का नाही नेलीस? शेड तर तुझ्या दारात आहे."

मागं ट्रकांचा आवाज येत राहिला. "भाऊ हल्ली कुणाची गाडी घेत न्हाईत," ओंकार म्हणाला आणि ठेवूनच दिला.

घेत नाहीत. माज वाढला असेल. बरं झालं — रविवारी सगळं चाकण तिथं लोटलेलं असणार. तिनं ठिणगी थोडी आधी सरकवली. मग आणखी थोडी. फार नाही, कोणाला बोट ठेवता येऊ नये एवढीच. उष्णता वाढेल, इंजिनात खडखड सुरू होईल, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी, आणि चौथ्या गियरमध्ये पिस्टन फुटेल, सगळ्यांसमोर.

"जेवायला ये गं," प्रभावतीबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली. "आले आई," म्हणाली आणि उठली नाही.

मुळात इंजिनाची किती सहनशक्ती उरलीय ते बघावं म्हणून तिनं खडखडीची नोंद उघडली — आणि तिथं लाल रेघा आधीच उभ्या होत्या. तिनं हात लावण्यापूर्वीच्या. एक, दोन, मग दाट रान. गाडीचा कॉम्प्युटर अशा वेळी आपण होऊन सांभाळून घेतो, पण गणराज ती सोय बंद करून ठेवायचा. कान असताना यंत्रावर कशाला विसंबायचं म्हणून. पहिल्या खडखडीला त्याचा पाय निघायचा. झोपेतून उठवून बसवलं असतं तरी निघाला असता. इथं पाय निघालेला नव्हता. पुढच्या धावेत तीच खाच, तोच पाय, लाल रान आणखी दाट — आणि पाय दाबलेलाच, शेवटपर्यंत, निवांत.

त्याला ऐकू येत नव्हतं.

ती मागे टेकली. त्या बंद शेडमध्ये इतकी वर्षं, कानात बोळे न घालता… घाला म्हणून तीच सांगायची. आनंद झाला, खोटं कशाला सांगा. पोटातून झाला, गरम गरम. आणि मग तो कुठं ठेवावा ते तिला कळेना. रविवारी इंजिन ओरडेल, कडेला उभ्या शेंबड्या पोरालाही ऐकू जाईल, एकट्या त्यालाच नाही. आरशात धूर दिसेल तेव्हाच त्याला कळेल.

मॅप पाठवायचा तर सोबत तिची नेहमीची, शेडवरच्या दिवसांपासूनची सूचना जाते, सगळ्या गिऱ्हाइकांना जाते तीच — खडखड ऐकू आली की लगेच पाय काढा. नेहा त्या ओळीपाशी थांबली. तशीच जाऊ द्यावी, तर तो ती वाचेल, एकटाच, आणि काय वाटेल त्याला… काढून टाकावी, तर तो सूचना अक्षर न् अक्षर वाचणारा, तिची सूचना तोंडपाठ असणारा माणूस. ओळ का नाही हे त्याला लगेच समजेल. तिनं लिहिलं, डॅशबोर्डवर लाल दिवा बसवून घ्या, दिवा लागला की पाय काढा. वाचलं, खोडलं. यातूनही समजेल. मग लिहिलं, या महिन्यापासून सर्व ग्राहकांसाठी नवा नियम — आणि आपण हे काय रचत बसलो आहोत, कोणासाठी, असं वाटून तिला स्वतःचाच संताप आला.

ठिणगी अजून तिनं सरकवली होती तिथंच होती. ती मागे घेतलेली नव्हती. घ्यायची की नाही तेही ठरत नव्हतं. रविवारी काय व्हायचं ते होईल. पण आपण कोण आहोत ते एक दिवस याला कळायला हवं, या एका इच्छेवर तिनं इतके दिवस काढले होते, आणि आता, जेवण निवत असताना, तिला एकाच गोष्टीची धास्ती वाटत होती — आपल्याला कळलंय, हे त्याला कळेल.