टाकीतलं नाणं

कंट्रोल रूममध्ये तैस्तोने पडद्यावरच्या तापमानाच्या आकड्यावर बोट ठेवलं. एक्क्याण्णव अंश. मघाशी नव्वद होता.

कागद गिरणीच्या नव्या टाकीत सकाळपासून लाकडाचा लगदा भरत होता. आता क्लोरीन नको की तो पिवळा वायू नको. पेरॉक्साइड आणि चिमूटभर उत्प्रेरक, एवढ्यावर लगदा पांढराशुभ्र होणार होता. गिरणीचं पाणी जायचं त्या तळ्यातल्या माशांची चंगळ! तैस्तोला मात्र चैन पडत नव्हती. जुना वायू निदान नाकाला तरी कळायचा.

कॉफी पिताना प्रयोगशाळेतल्या वुओक्कोबाई सहज बोलून गेल्या होत्या, "तांब्याचा कण जरी आत गेला ना, तरी पेरॉक्साइड बिथरतं. टाकी फुटायचीसुद्धा."

तैस्तोने कप तसाच खाली ठेवला होता. काल झाकण बसवण्याआधी त्याने गुपचूप आत एक नाणं टाकलं होतं, आजोबांच्या वेळचं, तांब्याचं. नवी टाकी आली की जुने कामगार नाणं टाकायचेच. मग म्हणे टाकी माणूस खात नाही. आजवर कुठल्याच टाकीचं नाण्याने काही बिघडलं नव्हतं.

ब्याण्णव.

सांगावं तर नोकरी जाणार, तीही निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना. सांगू नये, तर नमुना काढायला त्याची लेक काइसूच टाकीवर चढली होती. त्याने वॉकीटॉकी उचलला.

"काइसू, खाली ये."

"आले बाबा. अर्धी बाटली राहिलीय."

"बाटली गेली खड्ड्यात! ये म्हणतो ना!"

"अहो, पण झालंय काय? वुओक्कोबाई झापतील मला."

वुओक्कोबाई त्याच्या मागेच उभ्या होत्या. तैस्तोने वळून पाहिलं नाही.

"मी आत नाणं टाकलंय," तो म्हणाला. "तांब्याचं."

वॉकीटॉकीतून नुसता वारा ऐकू येत होता. मग काइसू बोलली, अगदी हळू.

"बाबा, मीपण टाकलंय. तुम्हीच शिकवलं होतंत ना."

वुओक्कोबाईंनी धावत जाऊन लाल बटण दाबलं. पंप थांबले. आकडा चौऱ्याण्णववर गेला होता. तैस्तो खिडकीच्या काचेला कपाळ टेकून टाकीच्या लोखंडी जिन्याकडे बघत राहिला. जिन्यावर अजून कुणी दिसत नव्हतं.