पांढऱ्या चिंधीची शेळी

"सांगतो, पण तुजा इश्वास बसायचा न्हाई," मी म्हणालो. "आजवर कुणाचा बसला न्हाई. आमच्या पारूनं भरदुपारी, डोंगरावर, फोनमदी शिरलेला चोर नुसत्या तोंडानं धरला."

स्वप्नालीनं मांडीवरचं क्रेडिट कार्डाचं पाकीट उलटं केलं. भोरच्या बँकेतून काल पोस्टानं आलेलं, अजून न फोडलेलं. पासलीच्या फाट्यावर आम्ही तिघं बाजाराच्या टेम्पोची वाट बघत बसलो होतो. मी, माझी बायको पारूबाई आणि आमच्या आळीतली ही शिलाईकाम करणारी सून. चौथी चंद्री. कपाळावर चांद असलेली शेळी, गळ्यात पांढरी चिंधी, आणि दोर पारूच्या मुठीत.

"तात्या, मी हे परत द्यायलाच चाललीय," स्वप्नाली म्हणाली. "घाऊक कापड घ्यायला बरं पडंल म्हणून अर्ज केला हुता. आता हातात आलं तर लई भ्या वाटतंय. सासूबाई म्हणत्यात, घरात भूत आणलंस."

"भुताला आमी चारा घालून पाळलाय. ऐक."

"आणि ही चिंधी कसली?"

"येईल गोष्टीत."

पारू रस्त्याच्या वळणाकडं बघत होती. तिनं मान वळवली नाही.

कार्ड आमच्याकडं आलं ते शैलजाबाईंमुळं. त्या भोरच्या बँकेत असतात. पारूनं बोकड विकून ठेव ठेवली होती, तिच्यावर त्यांनी हे कार्ड दिलं आणि बसवून समजावलं. आधी खर्च करायचा, पैसे बँक भरणार, मग ठरल्या तारखेच्या आत आपण बँकेला द्यायचे. मी नुसती मान डोलवत होतो. पारूनं विचारलं, "म्हंजी अर्धलीचं जनावर म्हणा की."

आता शैलजाबाई पडल्या शहरातल्या. मी त्यांना उलगडून सांगितलं. दुसऱ्याची शेळी आपण सांभाळायची, चारायची, आणि ती व्याली की निम्मी करडं तिच्या धन्याची. मेली तर पुरावा म्हणून कान कापून आणून दाखवायचा. आपल्या चुकीनं हरवली तर भरून द्यायची.

त्या हसल्या. "तसंच समजा, पारूबाई. फक्त हिची करडं, म्हणजे व्याज, सगळीच्या सगळी बँकेची. म्हणून व्यायच्या आत परत करत जा."

हे पारूच्या डोक्यात असं बसलं की विचारू नका. पेंडीचं पोतं कार्डावर घेतलं की एका शेळीच्या गळ्यात लाल चिंधी. जंताचं औषध घेतलं की दुसरीला निळी. किराणा हिरवा. संध्याकाळी कळप वाड्यात शिरताना ती दाराशी उभी राहायची आणि महिन्याचा खर्च तिच्यासमोरून चालत जायचा. कळप फार रंगीत दिसायला लागला की आमच्या घरी चहातली साखर कमी व्हायची. तारखेच्या आत सगळं भरलं की चिंध्या सोडून धुवायच्या, दोरीवर वाळत घालायच्या, पुढच्या महिन्याला त्याच. पूर्वी पेंडवाला उधारीवर पोत्यामागं जास्तीचे लावायचा, ते बंद झालं. त्या वाचलेल्या पैशात ही चंद्री आली.

"खरंच?" स्वप्नालीनं पाकिटाचा कोपरा नखानं जरा उचलला.

"इथवर एक अक्षर खोटं न्हाई. इचार तिला."

पारूनं मान डोलवली. मला बरं वाटलं. मग मी गोष्टीत तिखट घातलं.

आमच्या माळावर रेंज एका कातळावरच येते. पारू त्यावर चढली आणि फोन वाजला. माणूस मोठा गोड. "आई," म्हणाला, "तुमचं कार्ड भलत्याच्या हातात गेलंय. आम्ही धरून ठेवलंय. ओळख पटवायला मोबाईलवर आलेले आकडे सांगा, म्हणजे तुमचं तुम्हाला देऊन टाकतो."

यात वावगं काय, सांगा. डोंगरात कुणाची शेळी चुकून दुसऱ्याच्या कळपात गेली तर रीत हीच. ज्याला सापडली तो विचारतो, खूण काय? धन्यानं खूण सांगायची, शेळी घेऊन जायची. खूण विचारणारा म्हणजे चांगला माणूस. चोर कधी खूण विचारत नसतो.

"मग?" स्वप्नाली पुढं सरकली.

"मग काय. पारूनं सांगितली खूण. पर कुणाची? शेजारच्या गेनूच्या बोकडाची. डावा कान चिरलेला, एक शिंग वाकडं, शेपटीचं टोक न्हाई. चोरानं यंत्रात घातली. यंत्र तापलं. आनि फोनमदनं आवाज आला. कसला?"

"कसला?"

"बँऽऽ."

स्वप्नाली तोंडावर पदर घेऊन हसली. मला चेव चढला. तो बोकड यंत्रातून चोराच्या खोलीत उतरला, त्यानं नोटा खाल्ल्या, अंथरूण खाल्लं, मिशी अर्धी खाल्ली. अजून तो माणूस ज्या गावाला जातो तिथल्या शेळ्या त्याच्यामागं लागतात.

तेवढ्यात स्वप्नालीचा मोबाईल वाजला.

पारूनं दोर असा खेचला की चंद्रीचा गळा आवळला आणि तिचे पुढचे पाय उचलले गेले. पारूचे डोळे त्या मोबाईलवर होते. एखादं जनावर झुडपात काही हललं की बघतं, तसे. आमचा फोन आता घरी, तांदळाच्या कणगीत तळाला असतो. कातळावर तर ती चढतच नाही, लांबून वळसा घालून जाते.

"सूरज हाय, टेम्पोवाला," स्वप्नाली घाईनं म्हणाली. "वळणावर आलाय म्हणतोय. आजी, काय झालं तुमाला?"

"ऊन लागलंय तिला," मी म्हणालो. "तर चोर पळाला, आनि आमचा कळप वाड्यात हाय तसा..."

"खोटं हाय," पारू म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं नाही.

"अवो, पोरगीला तरी खरं सांगा. म्या खरी खूण सांगितली, स्वप्ने. एकेक आकडा. वर त्येला म्हनलं, तुजं भलं हुईल बाबा. फोन ठेवला तशी खर्चाच्या मेसेजांची टिंगटिंग लागली, थांबंचना. कुत्रं भुकाया लागलं." तिनं दोर सैल केला, चंद्रीच्या गळ्यावर बोटं फिरवली. "आनि कार्ड कुठं हुतं, ठावं हाय? माज्या कनवटीला. नुसता हात लावून बगितलं असतं तर कळलं असतं, आपलं जनावर हरवलंच न्हाई."

"बँकेत न्हाई सांगितलं?"

"सांगितलं की. शैलजाबाईंनी अर्ज लिवून घेतला. चवकशी व्हईल म्हनल्या. पर तवर ते व्यायचं थांबतंय व्हय? जनावर दुसऱ्याचं, गेलं माज्या हातनं. भराया नको?" तिनं पांढरी चिंधी सरळ केली. "आमी न केलेल्या खर्चाची ही. समद्यांच्या गळ्यात हुती. बाकीच्या मागच्या बाजाराला गेल्या."

टेम्पो आला. स्वप्नाली पाकीट छातीशी धरून उभी होती.

"ते फोड," पारू म्हणाली. "भूत न्हाई त्यात. कुनी म्हनलं हरवलंय, तर आदी हात लावून बग."

मी दोर धरायला हात पुढं केला. तिनं दिला नाही. वाकून तिनं स्वतःच चंद्रीला उचललं, फळीवरून आत ठेवलं आणि शेजारी चढून बसली.

चंद्री एकदाच ओरडली. बँऽऽ.

या वेळी कुणी हसलं नाही.