चाकं आत गेली

दातांचे डॉक्टर रोज दुसऱ्यांची भीती हाताळायचे. खुर्चीत बसल्याबरोबर घाम फुटणारे, तोंड उघडायला सांगितलं की फोन आल्याचं सोंग करणारे, भूल देण्याआधीच "आई गं" करणारे, सगळे नमुने त्यांच्या ओळखीचे होते. गप्पा मारत मारत दाढ काढण्यात त्यांचा हातखंडा होता. पण विमानाचं नाव काढलं की हेच डॉक्टर विषय बदलायचे.

तरुणपणी ते एकदाच विमानात बसले होते. उडताना पायाखाली जोरात काहीतरी धप्प वाजलं आणि त्यांच्या छातीत धस्स झालं. पुढे ढगांत विमान असं हादरलं, की शेजारचा अनोळखी माणूस त्यांच्या दंडाला मिठी मारून रडू लागला. विमान नीट उतरलं. तो माणूस डोळे पुसून आपल्या वाटेनं निघूनही गेला. डॉक्टरांनी मात्र परतीचं तिकीट फाडून टाकलं, आगगाडीनं घर गाठलं आणि कानाला खडा लावला.

लोकांना ते कारण वेगळंच सांगायचे. "दवाखाना कोण बघणार?" बायको एकटी मुलांना घेऊन समुद्रापलीकडे ताईकडे जाऊन यायची. हे तिला विमानतळाच्या दाराशी सोडायचे आणि गाडी वळवून तडक घरी.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं. लग्नानंतर ती परदेशी गेली, तिथंच रुळली. भाऊजी वारले तेव्हासुद्धा डॉक्टर गेले नाहीत. फोनवर शेवटी ताईच म्हणाली, "असू दे रे बबड्या. मला माहीत आहे." ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत राहिलं.

एरवी ताईच अधूनमधून यायची. यंदा तिचा फोन आला. "माझे गुडघे संपले रे. एकाचं ऑपरेशन करायचं म्हणतात. आता माझं येणं काही व्हायचं नाही. तू ये असं मी म्हणत नाही हं, नुसतं सांगून ठेवते."

डॉक्टर "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायले.

त्याच आठवड्यात सुजलेला गाल हातानं धरून एक तरुण बाई दवाखान्यात आली. खुर्चीपाशी येऊन ती उभीच राहिली.

"आधी मला सांगा, काय करणार," ती म्हणाली. "आणि कशानं करणार, तेही."

डॉक्टरांना गंमत वाटली. त्यांनी ट्रेमधली एकेक वस्तू उचलून दाखवली. ती तपासणीसाला शोभेल अशा नजरेनं बघत होती. शेवटी बसली, पण दोन्ही हातांनी खुर्ची आवळून.

"हा आवाज कसला?"

"लाळ ओढणारी नळी आहे."

"आणि हा?"

"ड्रिल. अजून तोंडाबाहेरच आहे. दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन."

आवाज कसला ते कळलं की तिचे खांदे जरा खाली यायचे. हे डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं नाही. तिनं हात एकदाही वर केला नाही. काम झाल्यावर ती तोंड पुसत म्हणाली, "माझ्या कामात मला कशाचीच भीती वाटत नाही हो. इथंच माझी तंतरते."

"काय काम करता?"

"विमानं दुरुस्त करते. इंजिनीअर आहे."

डॉक्टर बेसिनपाशी हात धूत होते. आपण काय विचारतोय हे कळायच्या आत त्यांच्या तोंडून निघून गेलं. "विमान उडालं की पायाखाली धप्प असा आवाज येतो. तो कसला?"

"छाकं आत गेली," ती म्हणाली. भुलीनं तिचा अर्धा ओठ हलत नव्हता.

"काय?"

"चाकं! उडाल्यावर चाकं पोटात ओढून घेतात, खालून झाकण बंद होतं. धप्प वाजलं नाही तर आम्हाला काळजी."

डॉक्टर नळ बंद करायचं विसरले. इतकी वर्षं ज्या आवाजानं त्यांची झोप उडवली होती, तो एका झाकणाचा होता.

दाढेचं काम एका बैठकीत उरकणारं नव्हतं. इंजिनीअर पुन्हा आली, त्यानंतरही आली, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांकडे प्रश्न तयार असायचे. उडाल्यावर थोड्या वेळानं विमान खाली जातंय असं का वाटतं? "चढ कमी करतात, इंजिनाचा जोर उतरवतात. तुमच्या पोटाला वाटतं पडतोय, पण विमान चढतच असतं." निघण्याआधी पायांखालून कुत्रं भुंकल्यासारखं ऐकू येतं, ते काय? ती खळखळून हसली. "तो पंप आहे. आम्हीही त्याला कुत्राच म्हणतो."

दवाखान्याच्या मागच्या खिडकीतून उतरणारी विमानं दिसायची. आजवर त्या खिडकीचा पडदा कायम ओढलेला असे. एका सकाळी नर्स आली तर पडदा बाजूला आणि डॉक्टर खिडकीत उभे. आधी ते नुसते बघायचे. मग दोन इंजिनांचं कुठलं, चार इंजिनांचं कुठलं, हे ओळखायला लागले. मग शेपटीच्या आकारावरून. पुढे पुढे तर दाढ भरता भरता न बघताच म्हणायचे, "हे मोठं धूड आहे, आवाज ऐका." तोंडात बोळे असलेला पेशंट बिचारा काय ऐकणार आणि काय बोलणार!

रविवारी ते धावपट्टीच्या कुंपणाबाहेर जाऊन बसायला लागले. तिथं दुर्बिणी घेऊन आलेल्या मंडळींशी त्यांची दोस्ती जमली. जेवणाच्या टेबलावर पंखाच्या गोष्टी सुरू झाल्या: पंखाचा वरचा भाग फुगीर का असतो, टोक वर वळलेलं का असतं. बायको ऐकून ऐकून कंटाळली.

"आधी विमानाचं नाव काढू देत नव्हतास," ती म्हणाली, "आता दुसरं कशाचं काढू देत नाहीस."

"बघायला आवडतं गं. बसायचं थोडंच आहे?"

"हो का," ती म्हणाली आणि भाजी वाढली.

दाढ बरी झाली तेव्हा इंजिनीअरनं त्यांना विमानदुरुस्तीचं हँगर बघायला बोलावलं. रीतसर परवानगी काढून, पिवळं जाकीट घालून डॉक्टर आत शिरले. समोर एक विमान अंगावरची झाकणं उघडून उभं होतं. आत नळ्या, तारा, जोड, सगळं उघडं. डॉक्टरांना एकदम घरच्यासारखं वाटलं. हा तर तोंड उघडून बसलेला पेशंट!

इंजिनीअर इंजिनाखाली वाकली होती. तिनं खिशातून एक लांब दांडीचा छोटा गोल आरसा काढला आणि टॉर्चच्या उजेडात फटीत घालून आतली बाजू न्याहाळू लागली.

"अहो, हा तर माझाच आरसा!" डॉक्टर ओरडले.

"जवळपास तोच. जिथं मान घालता येत नाही तिथं आरसा घालायचा." तिनं तो त्यांच्या हातात दिला. "बघा, तो जोड दिसतो? तिथं केसाएवढी चीर आहे का बघायची. असली तर भाग बदलायचा."

डॉक्टरांनी आरसा तिरका धरला. तो जोड त्यांनी इतका मन लावून तपासला, की इंजिनीअर बाजूला उभी राहून वाट बघत राहिली. चीर नव्हती.

परत जाताना ते पंखाखाली थांबले. मनातली गोष्ट आता विचारली नाही तर कधीच विचारणार नाही, असं त्यांना वाटलं. "माझ्या खुर्चीत हात वर केला की मी थांबतो. तिथं वर हात केला, तर कोण थांबणार?"

"कोणी नाही. ते खरंच आहे," ती म्हणाली. "पण डॉक्टर, विमान थांबून सुरक्षित राहत नाही. पुढं जात राहतं म्हणून हवा त्याला धरून ठेवते. हवेत ते अधांतरी नसतं. चांगलं भक्कम टेकलेलं असतं."

डॉक्टरांनी पंखाच्या पोटावर तळवा ठेवला. गार, गुळगुळीत, मध्येच पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या रांगा. घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, की जवळच्याच शहरात दंतवैद्यांची एक परिषद आहे. तासाभराचं विमान. जाऊन बघतो.

निघायच्या दिवशी सगळं सुरळीत पार पडलं, विमानाच्या दारापर्यंत. दारात हवाई सुंदरी हसून नमस्कार करत होती. डॉक्टरांना आतला तो वास आला, कापडाचा आणि गार हवेचा, तरुणपणीचाच. पाय जागचे हलेनात. मागची माणसं खोळंबली. "माफ करा, माझं काहीतरी राहिलं," असं पुटपुटत त्यांनी गर्दीतून उलटा रस्ता धरला आणि घरी आल्यावर बुटांसकट पलंगावर आडवे झाले.

बायको शेजारी येऊन बसली. तिनं त्यांचे बूट काढले. "दारापर्यंत गेलास ना," ती म्हणाली. "आजवर मला सोडायला तू गाडीतून खालीसुद्धा उतरला नव्हतास."

दुसऱ्या दिवशी दाढेची शेवटची तपासणी करून घ्यायला इंजिनीअर आली. डॉक्टरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. "इतकं शिकवलंत, सगळं पाण्यात गेलं."

"तुम्हाला वाटतं, गाल सुजला होता त्या दिवशी मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले होते?" तिनं विचारलं. "त्याआधी बऱ्याचदा येऊन जिन्यातूनच परत गेले होते. एकदा तर दाराची बेल वाजवून पळाले."

"ती तुम्ही होय! नर्स म्हणाली होती, कोणीतरी मस्करी करतंय."

दोघंही हसले. हसता हसता डॉक्टरांच्या लक्षात आलं, की आपल्याला लाज वाटायची थांबली आहे.

ताईच्या ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा त्यांनी दोन तिकिटं काढली आणि मगच बायकोला सांगितलं. इंजिनीअरनं एकच सल्ला दिला, "पंख दिसेल अशी खिडकी घ्या."

या वेळी दारात पोचल्यावर ते थांबले, पण वळले नाहीत. उंबऱ्याबाहेरच्या पत्र्यावर रिव्हेटांची एक रांग होती. तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं, पेशंटच्या हिरड्यांवरून फिरवतात तसं. मग आत पाऊल टाकलं.

जागेवर बसल्यावर हातांना घाम होताच. पण पायांखालून भुंकणं ऐकू आल्याबरोबर ते सावरून बसले. "कुत्रं," ते म्हणाले.

"कुठंय?" बायकोनं दचकून विचारलं.

"पंप गं."

विमान धावू लागलं. डॉक्टरांनी डोळे मिटले, मग स्वतःवरच चिडून उघडले. इतके दिवस कुंपणाबाहेरून पाहिलेली धावपट्टी आता आतून बघायची राहून गेली असती! जमीन सुटली. धप्प झालं.

"चाकं आत गेली," ते मोठ्यानं म्हणाले. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागं वळून पाहिलं. "आता जोर कमी करतील, बघ. केला. आता ती पंखामागची पट्टी आत जाईल. गेली!"

"अरे, मला झोपू दे," बायको म्हणाली. "तू असं प्रत्येक आवाजाचं सांगत बसलास, तर आता मलाच भीती वाटायला लागेल."

पुढे समुद्रावर ढग लागले आणि विमान हादरलं. एक-दोनदा चांगलंच. डॉक्टरांचा हात आपोआप वर गेला आणि तिथंच थांबला. थांबवणारं कोणी नव्हतं. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. पंखाचं टोक वर जात होतं, खाली येत होतं, लवलवत होतं. तो लवतो म्हणून मोडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आता ते समोर दिसत होतं. त्यांनी हात खाली घेतला आणि कपाळ काचेला टेकवून बघत राहिले. भीती कुठं पळाली नव्हती, शेजारच्या खुर्चीत असावी तशी होती. पण बघण्यासारखं इतकं होतं, की तिच्याकडे वळायला त्यांना सवड मिळेना. ढग फाटून ऊन पंखावर पडलं तेव्हा त्यांनी बायकोला उठवलंच.

"आता काय मोडलं?" तिनं विचारलं.

"काही नाही. बघ ना जरा."

तिनं पाहिलं. मग खिडकीकडे न पाहता त्यांच्याकडे पाहिलं, आणि तशीच त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून परत झोपली.

दोघं पोचले त्याच दिवशी बायको ताईला इस्पितळातून घरी घेऊन आली, आणि दार डॉक्टरांनी उघडलं. दोन्ही हातांत कुबड्या, त्यामुळे तिला डोळेही पुसता येईनात. "मेल्या," ती एवढंच म्हणाली आणि त्यांनीच आपल्या रुमालानं तिचे डोळे पुसले. त्या रात्री जेवताना दोघं भाऊजींबद्दल बोलले, पहिल्यांदाच नीट.

काही दिवसांनी ती एका काठीवर चालायला लागली. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणायला दोघं निघाले. ताईनं त्यांचा दंड धरला होता. रस्त्यावर कोवळं ऊन होतं, आणि उंचावरून एक विमान पांढरी रेघ ओढत चाललं होतं. डॉक्टरांची मान आपोआप वर गेली.

"ताई, चार इंजिनांचं आहे बघ! असली आता फार उरली नाहीत."

"बबड्या," ताई म्हणाली, "खाली बघ. पायरी आहे."