हाकेला येणारी हरिणी

तिसऱ्या गुहेतली हरिणी हाक मारल्याशिवाय येत नाही, असं मामा लोकांना बिनदिक्कत सांगायचे, आणि लोकही असे भोळे की खरंच हाका मारायचे.

मामा म्हणजे राष्ट्रीय उद्यानातल्या चुनखडीच्या गुहांचे राखणदार. सख्खे मामा ते कुणाचेच नव्हते, पण एकतीस वर्षं एकाच गुहेच्या तोंडाशी स्टूल टाकून बसलेल्या माणसाला दुसरं म्हणणार तरी काय? साहेबही मामा म्हणायचे, जीपचा ड्रायव्हरही मामा म्हणायचा, आणि मग आपोआप त्यांची बायको सगळ्यांची मामी झाली.

त्यांचा तो खेळ बघण्यासारखा असायचा. वीसेक माणसांचा घोळका आत घ्यायचा आणि भिंतीसमोर उभा करायचा. भिंत कोरडी, पांढुरकी. काही म्हणता काही दिसायचं नाही. लोक एकमेकांची तोंडं बघायचे, कुणीतरी तिकीट फुकट गेलं म्हणून पुटपुटायचं. मग मामा म्हणायचे, "लाजाळू आहे हो ती. हाक मारा, येईल." मुलं "ये, ये" करून गुहा डोक्यावर घ्यायची, आणि तेवढ्यात मामा पाठीवरच्या फवारणीच्या पंपाची दांडी चारदा हलवायचे. भिंतीवर बारीक तुषार बसायचे, दगड काळपट व्हायचा आणि त्यातून ती वर यायची. गेरूच्या रंगाची हरिणी, मागे राहिलेल्या पाडसाकडे मान वळवून बघणारी. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी बोटाने काढलेली. "आता बघा, मागे वळून बघतेय," मामा म्हणायचे. लोक टाळ्या वाजवायचे. आणि मामा दरवेळी, अगदी दरवेळी, खुलायचे. आपल्याच पोरीचं कौतुक चाललंय असं त्यांना वाटायचं.

ही युक्ती सासऱ्यांची. मामांच्या आधी तेच इथे राखणदार होते आणि ओलं फडकं भिंतीवरून फिरवायचे. पण मामा नोकरीला लागले त्याच वर्षी 'चित्रांना हात लावू नये' अशी पाटी लावायचा हुकूम आला. मामा हुकमाचे पक्के. पाटी त्यांनी स्वतः रंगवली आणि विचार केला, फडकं फिरवणं म्हणजे हात लावणंच की! म्हणून पदरमोड करून बागेत फवारायचा पंप आणला. त्यात पाणीसुद्धा कुठलंही नाही घालायचे. गुहेच्या पोटातून झरा निघतो, त्याचंच भरायचे. बाहेरचं पाणी तिला सोसायचं नाही, असं त्यांचं मत होतं. सकाळी झऱ्यावर पंप भरायला गेले की खरी हरणं पाणी पीत असायची. ती मामांना बघून पळायची नाहीत.

पण गेली दहा-बारा वर्षं भिंतीतली हरिणी रुसल्यासारखी झाली होती. चार दांड्यांना यायची ती दहाला यायला लागली. मग वीसला. हल्ली तीस दांड्या मारल्या तरी पाडस दिसायचं नाही, तिचीही नुसती पाठ आणि मान दिसायची, तीही एखाद्या दिवशीच. मामा धास्तावले. त्यांनी अर्जावर अर्ज केले, चित्र फिकं होतंय, कुणीतरी जाणकार पाठवा. अकरा वर्षं साहेबांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. शेवटी या वर्षी पत्र आलं. गुहाचित्रांच्या तज्ज्ञ बाई येणार होत्या.

त्या सकाळी मामा चार वाजल्यापासून जागे. दोनदा दाढी केली, गुहेपुढचं अंगण झाडलं.

"माझे अप्पा राहायला यायचे तेव्हा एवढी झाडलोट नाही केलीत कधी," मामी किटली घासता घासता म्हणाल्या.

"अप्पा काही तिला बरं करायला येत नव्हते."

"आणि ही किटली कोण बरी करणार? दर रविवारी लिंबू लावून घासते, तरी मेली पांढरी पुटं चढतातच. त्या झऱ्याच्या पाण्यात नुसता चुना आहे. नळाचं पाणी आणा म्हणून किती वर्षं सांगतेय."

"चुना पोटात गेलेला चांगला. हाडं घट्ट होतात."

"हाडं नाही, डोकं घट्ट झालंय तुमचं," मामी म्हणाल्या.

तज्ज्ञ बाई दहाला आल्या. साध्या, कमी बोलणाऱ्या. ड्रायव्हरने त्यांच्या पेट्या आत आणून ठेवल्या. मामांनी पंप भरून स्टुलामागे लपवला होता. बाईंना एकदम हरिणी दाखवायची आणि चकित करायचं, असा त्यांचा बेत होता. बाईंनी दिवा लावला, भिंग काढलं आणि तासभर त्या भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या. मामांचा जीव टांगणीला लागला होता.

"छत कुठे गळतं इथलं?" बाईंनी विचारलं.

"गळतंय कशाला! ठणठणीत कोरडं आहे. पावसातसुद्धा थेंब नाही," मामा अभिमानाने म्हणाले.

"मग कुणीतरी ही भिंत भिजवतंय. रोज. कित्येक वर्षं." बाईंनी भिंग पुसलं. "रंग उडालेला नाही. झाकला गेलाय. पाणी सुकतं, त्यातला चुना मागे राहतो. थरावर थर बसलाय, आता त्याचा दगड झालाय. कुणी केला हा शहाणपणा?"

मामांच्या डोळ्यांपुढे किटली आली. दुसरं काहीच आलं नाही. पांढरी पुटं चढलेली, लिंबाने घासलेली घरातली किटली.

ड्रायव्हर कानाशी लागला. "सासरेबुवांचं नाव सांगा, मामा. मेलेल्या माणसाची काय नोकरी जातेय?"

मामांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टुलामागून पंप काढला आणि बाईंच्या पुढ्यात ठेवला. "मी केला," ते म्हणाले. "दिवसातून पाच-सहा वेळा. सुट्टीच्या दिवशी जास्त."

बाई फाडफाड बोलायच्या बेतात होत्या, पण मामांचा चेहरा बघून थांबल्या. "तुम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं?"

"हात लावू नका, एवढंच सांगितलं होतं. हात नाही लावला हो मी कधी. एकतीस वर्षांत एकदासुद्धा नाही." मग त्यांना एकदम आशा वाटली. "किटलीचं निघतं बघा. लिंबाने निघतं. मी घासतो ना, हळूहळू घासतो, वर्ष लागलं तरी चालेल मला."

"निघेल," बाई म्हणाल्या. "पण खालची हरिणीही त्याच्याबरोबर निघेल."

"मग आता?"

"आता काही नाही, मामा. गुहा बंद करायची आणि तिला एकटं सोडायचं."

संध्याकाळी मामांनी घरी सगळं सांगितलं. मामींच्याने राहवलं नाही.

"मी लहान होते तेव्हा ती तशीच दिसायची. कोरड्या भिंतीवर. अप्पा फडकं फिरवायचे ते धूळ बसली म्हणून, कधीतरी."

"हे तू मला आत्ता सांगतेस?"

"मला काय माहीत, तुम्हाला माहीत नाही म्हणून!" असं म्हणून मामी रडायला लागल्या. मामांना रडू आलं नाही. रडायला आपल्याला तोंडच नाही, असं त्यांना वाटलं.

बाई दोन दिवस कसले कसले दिवे लावून फोटो काढत होत्या. उद्यानाच्या दप्तरात हरिणीचा एकच जुना फोटो होता, काळा-पांढरा, त्यातही तिचं डोकं पुसट आलेलं. तिचा रंग कुठेच नोंदलेला नव्हता. नव्या फोटोंतही नुसते डाग उमटले. तिसऱ्या दिवशी दुपारी गुहेला जाळी बसवायला माणसं येऊन थांबली, तेव्हा बाई मामांपाशी आल्या.

"एकदाच भिजवू या. फोटोपुरतं. निदान कागदावर तरी राहील. आता आणखी एकदा भिजवल्याने..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पेटीतून पाण्याचे दोन कॅन काढले. "हे घाला. शुद्ध पाणी आहे, यात चुना नाही."

मामांनी पंपात पाणी ओतलं. ओतता ओतता थांबले, थोडं ओंजळीत घेऊन बघितलं. दिसायला झऱ्याच्या पाण्यासारखंच होतं. "एवढंच करायचं होतं होय," ते म्हणाले. बाईंनी मान खाली घातली.

पंप पाठीवर चढवून मामा भिंतीपुढे उभे राहिले. बाईंनी कॅमेऱ्याला डोळा लावला. चार दांड्या झाल्या. दहा झाल्या. भिंत काळवंडली. तीस झाल्या, तरी पाठ नाही, मान नाही, काही नाही. पाण्याचे ओघळ खाली येऊन मामांच्या चपलांखाली साचले.

"ये," मामा म्हणाले. आधी हळू, मग मोठ्याने. "ये गं. अगं, ये ना."

ड्रायव्हरही हाक मारायला लागला. बारा वर्षं या खेळाची टिंगल केलेला माणूस, पण त्याने दोन्ही हात तोंडाशी धरून मुलांसारखी हाक मारली. मग जाळीवाल्यांपैकी एकाने मारली. काय चाललंय हे त्याला माहीतही नव्हतं.

पाणी संपलं. पंपातून नुसती हवा यायला लागली तरी मामा दांडी हलवतच होते. भिंत वरून सुकत आली होती, पुन्हा पांढरी पडत होती. बाईंनी कॅमेरा खाली घेतला आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवला.

"लाजाळू आहे हो ती," मामा त्यांना म्हणाले. "तुम्ही हाक नाही मारलीत. तुम्ही मारून बघा एकदा."